वितळणारे तळे आणि बुजवलेली विहीर : थोरोच्या 'वॉल्डन'चे एक पुनर्वाचन

हेन्री डेव्हिड थोरो (१८१७-१८६२) हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. सविनय कायदेभंगाच्या संदर्भात त्याचा उल्लेख आपल्याकडे वारंवार होत आला आहे. त्याच्या 'वॉल्डन' (१८५४) या ग्रंथाचा 'वॉल्डनकाठी विचारविहार' हा दुर्गा भागवत यांचा अनुवाद मराठीत येऊनही बराच काळ लोटला आहे. 'अर्ली बुद्धिस्ट ज्युरिस्प्रूडन्स' हा विनयविषयक ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध करणाऱ्या विदुषीला थोरोचा ग्रंथ अनुवादासाठी घ्यावासा वाटावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. अनुवादाच्या शीर्षकात 'विहार' हा शब्द आला आहे, तोही आपल्या कानाला निराळा लागतो.

पाश्चात्त्य देशांतील बौद्ध धम्माचा इतिहास लिहिणाऱ्यांनी थोरोला एका विशिष्ट स्थानी बसविले आहे. रिक फील्ड्स यांनी अमेरिकेतील बौद्ध धम्माच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात (१९८१) त्याला बौद्ध चिंतनवृत्तीचा एक पूर्वसूरी मानले. तेव्हापासून ध्यानविषयक लेखनात, 'ज्याने ग्रंथ न वाचता निसर्गात धम्म पाहिला असा माणूस' या स्वरूपात तो आपल्यासमोर ठेवला जातो. हे मत सहानुभूतीने मांडलेले असले, तरी ते तपासून घेणे आवश्यक आहे. त्या तपासणीसाठी सबंध ग्रंथ उलगडण्याची गरज नाही. 'वॉल्डन'च्या शेवटाकडे 'वसंत' नावाचे प्रकरण आहे. एका खेड्याबाहेरचे गोठलेले तळे वसंताच्या आरंभी कसे वितळते, एवढेच त्यात पाहिले आहे. थोरोच्या दृष्टीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या एका प्रकरणात आणि त्याच्या लगतच्या पानांत पुरेशी स्पष्ट होते.

पाहण्याची शिस्त

मॅसॅच्युसेट्स राज्यातील काँकॉर्ड हे त्या काळी शेतकऱ्यांचे गाव होते. गावाच्या दक्षिणेस दीड मैलावर वॉल्डन हे तळे आहे. त्याच्या काठी स्वतः बांधलेल्या झोपडीत थोरो ४ जुलै १८४५ ते ६ सप्टेंबर १८४७ या काळात राहिला. आपल्या प्रदेशात तळी आटतात, गोठत नाहीत. म्हणून तो जे पाहतो त्याची भौतिक बाजू प्रथम समजून घेतली पाहिजे. पाणी सुमारे चार अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर राहते आणि तळे वरून गोठू लागते. हिवाळ्याच्या मध्यास या थराची जाडी फुटापेक्षा अधिक होते, त्यावरून घोड्यांची गाडी जाऊ शकते, आणि खाली मात्र पाणी पाणीच राहिलेले असते.

हा थर सुटतो कसा, हा थोरोचा प्रश्न आहे. सूर्य वरून बर्फ वितळवितो, हे सामान्य उत्तर त्याला अपुरे वाटते. सूर्याची उष्णता फूटभर जाड बर्फातूनही आरपार जाते, उथळ भागात तळाच्या वाळूवरून परावर्तित होते, तेथील पाणी ऊबदार करते आणि बर्फाला खालच्या अंगानेही पोखरते, असे त्याने निरीक्षणाने ठरविले. बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे उभ्या दिशेने वाढत जातात आणि अखंड दिसणारा थर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ होतो. ६ मार्च १८४७ रोजी त्याने तापमापक लावून पाहिला. वॉल्डनच्या मध्यभागी ३२ अंश फॅरनहाइट, काठाजवळ ३३. त्याच दिवशी शेजारच्या फ्लिंट तळ्याच्या मध्यभागी साडेबत्तीस, आणि काठापासून सुमारे दोनशे फुटांवर, उथळ पाण्यात, फूटभर बर्फाखाली ३६. साडेतीन अंशांच्या या फरकातून त्याने निष्कर्ष काढला की फ्लिंट तळे उथळ असल्यामुळे लवकर सुटते, तर वॉल्डन खोल असल्यामुळे आणि त्यातून कोणताही ओहोळ वाहत नसल्यामुळे उशिरा सुटते. याच कारणास्तव ऋतूच्या खऱ्या प्रगतीचे माप वॉल्डनवरच घ्यावे, असे तो म्हणतो. मार्चमधील चार दिवसांच्या कडाक्याने उथळ तळ्यांचे वितळणे रेंगाळते. खोल तळ्याची ऊब मात्र जवळजवळ अखंड वाढत राहते.

तळे पूर्णपणे मोकळे झाल्याच्या तारखा त्याने नोंदविल्या आहेत : १८४५ साली १ एप्रिल, १८४६ साली २५ मार्च, १८४७ साली ८ एप्रिल, १८५१ साली २८ मार्च, १८५२ साली १८ एप्रिल, १८५३ साली २३ मार्च आणि १८५४ साली ७ एप्रिलच्या सुमारास. सकाळचे ऊन तिरपे पडू लागले की तासाभरात तळे गडगडू लागते, दुपारी शांत होते, सूर्य कलताना पुन्हा गडगडते, हेही त्याने टिपले आहे. एवढ्या मोठ्या, थंड आणि जाड कातडीच्या वस्तूची संवेदना इतकी तरल असावी, याचे त्याला नवल वाटते.

याच वृत्तीचा दुसरा पुरावा त्याआधीच्या प्रकरणात आहे. वॉल्डनला तळच नाही, अशी गावात समजूत होती. १८४६ च्या आरंभी, बर्फ असतानाच, थोरोने त्याला शंभराहून अधिक भोके पाडली, दोरीला दगड बांधून खोली मोजली आणि सर्वांत खोल जागा १०२ फूट भरली. परंपरेने चालत आले म्हणून, सर्व गाव म्हणते म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये, हा केसमुत्तीच्या कालामांना मिळालेला उपदेश आपल्याला पाठ असतो. त्या उपदेशाचे इतके साधे आणि इतके पूर्ण आचरण आधुनिक साहित्यात क्वचित सापडते.

पालि परिभाषेत बोलायचे तर येथे दोन गोष्टी दिसतात. पहिली इदप्पच्चयता. तळे 'वसंत आला म्हणून' वितळते असे म्हणणे म्हणजे नाव देऊन प्रश्न मिटविणे होय. थोरो 'वसंत' हा शब्द उकलतो. उन्हाचा कोन, तळाची वाळू, पाण्याची खोली, ओहोळाचा अभाव आणि हवेचे बुडबुडे हे प्रत्यय एकत्र आले म्हणजे त्या घटनेला आपण वसंत म्हणतो. दुसरी गोष्ट सञ्ञा आणि प्रत्यक्ष यांतील अंतर. त्याने एका म्हाताऱ्या शिकाऱ्याची हकिकत दिली आहे. जन्मभर निसर्गाच्या सहवासात राहिलेला हा माणूस फेअर हेवन तळ्यावर बदकांची वाट पाहत झुडपात बसला होता. दुरून एक घनगंभीर आवाज वाढत आला. पक्ष्यांचा प्रचंड थवा उतरतो आहे असे समजून तो बंदूक घेऊन उठला. पाहतो तो तळ्यावरचा सबंध बर्फ सुटून काठाला येऊन घासत होता. ज्याची अपेक्षा मनात होती तेच कानाने ऐकले. थोरो या प्रसंगावर भाष्य करीत नाही, आणि तो संयम प्रशंसनीय आहे.

ऋतूवर टाकलेली भिस्त

हा संयम प्रकरणाच्या अखेरपर्यंत टिकत नाही. तळे मोकळे होताच थोरोची भाषा बदलते. काल जे मृत होते ते आज जिवंत झाले, असे तो म्हणतो आणि या दृश्यालाच अमरत्वाचा पुरावा मानतो. वसंतातील एका प्रसन्न सकाळी सर्व माणसांची पापे धुऊन निघतात, तुमचा कालचा चोर शेजारी आज निर्मळ होतो, असा विश्वास तो व्यक्त करतो. इतका वेळ तापमापक हाती धरून चाललेला निरीक्षक येथे प्रवचनकार होतो.

वाङ्मयीन दृष्टीने हा भाग ग्रंथातील सर्वांत गाजलेला आहे. धम्माच्या दृष्टीने मात्र हाच सर्वांत दुबळा ठरतो. तळ्याचे वितळणे अनित्यतेची साक्ष देते. जे गोठले ते सुटले, जे सुटले ते पुन्हा गोठेल. यातून कोणत्याही अविनाशी तत्त्वाची सिद्धी होत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये पुनर्जन्माचा प्रश्न मांडताना भौतिक घटकांचे पुन्हा एकत्र येणे आणि आत्म्याचे देहांतर यांत स्पष्ट भेद केला आणि दुसऱ्याला नकार दिला. थोरो हा भेद करीत नाही. पहिल्याचा पुरावा देऊन तो दुसऱ्याचा निष्कर्ष काढतो.

याहून गंभीर आहे ती ऋतूवर टाकलेली भिस्त. संयुत्त निकायाच्या खन्ध संयुत्तात एकाच सुत्तात तीन उपमा आल्या आहेत. त्या येथे कसोटी म्हणून फार उपयोगी पडतात. पहिली कोंबडीची. अंडी आठ, दहा वा बारा आहेत. पण ती नीट उबवली नाहीत, तर पिल्ले सुखरूप बाहेर यावीत अशी इच्छा कोंबडीने कितीही केली तरी ती येणार नाहीत. दुसरी सुताराच्या वाकसाची. दांड्यावर बोटांचे ठसे उमटलेले दिसतात. आज किती झिजला, काल किती झिजला, हे सुताराला सांगता येत नाही. पण झिजल्यावर झिजला हे कळते. तिसरी जहाजाची. सहा महिने पाण्यात राहिलेले जहाज हिवाळ्यात काठावर ओढले जाते, त्याचे दोर वारा आणि ऊन यांनी विरतात आणि पावसाळ्याचे ढग बरसले की सहज कुजून तुटतात.

या तीन उपमा एकत्र वाचल्या पाहिजेत. वाकसाच्या उपमेत थोरोचे बर्फ अचूक बसते : रोज किती वितळले हे कळत नाही, सुटले म्हणजे कळते. जहाजाच्या उपमेत ऋतूलाही स्थान आहे. परंतु सुत्ताचा आरंभ कोंबडीपासून होतो. भावना नसेल तर मुक्तीची इच्छा निष्फळ आहे, हे तेथे आधी सांगितले आहे. वाकस झिजतो तो सुतार रोज काम करतो म्हणून. जहाजाचे दोर कुजतात ते सहा महिने समुद्रात वापरले गेले म्हणून. ऋतू शेवटचे काम पूर्ण करतो. पहिले काम तो करीत नाही. थोरोच्या वसंतात हे पहिले काम कोणी केले, हा प्रश्नच उरत नाही. आपल्या समाजाला तर तो टाळता येत नाही, कारण काळ बदलला की जात आपोआप विरघळेल, असे आश्वासन आपल्याला कित्येक पिढ्या दिले गेले आहे.

बर्फाचा प्रवास आणि पाण्याची अट

वितळण्याच्या या कथेला एक पूर्वार्ध आहे आणि तो थेट आपल्या देशाला येऊन भिडतो. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डनवर बर्फ कापण्यासाठी शंभर आयरिश मजूर आणि त्यांचे मुकादम रोज येत. हे काम सोळा दिवस चालले. चांगल्या दिवशी हजार टन बर्फ निघे, असे ते सांगत. काठावर रचलेला ढीग दहा हजार टनांचा असल्याचा अंदाज होता. या व्यापाराची वाट फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने घातली होती. १८३३ साली त्याचे 'टस्कनी' हे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातील सुमारे १०० टन कलकत्त्याला पोहोचले. पुढे मद्रास आणि मुंबई येथेही अमेरिकन बर्फासाठी बर्फघरे उभी राहिली.

या व्यापारावरून थोरोला एक कल्पना सुचते. मद्रास, मुंबई आणि कलकत्ता येथील तापलेली माणसे आपल्या विहिरीचे पाणी पितात, असे तो म्हणतो. आपण सकाळी भगवद्गीता वाचतो, पुस्तक खाली ठेवून पाण्याला जातो, तो तेथे गंगाकाठच्या वेदपाठी ब्राह्मणाचा सेवक धन्यासाठी पाणी भरायला आलेला भेटतो, आणि एकाच विहिरीत दोघांचे पोहरे एकमेकांना घासतात. वॉल्डनचे निर्मळ पाणी गंगेच्या पवित्र पाण्यात मिसळते.

पाश्चात्त्य समीक्षकांनी या परिच्छेदाची वाखाणणी विश्वबंधुत्वाचे रूपक म्हणून केली आहे. मराठी वाचकाने, विशेषतः आपल्या वाचकाने, तो असा वाचू नये. दोन पोहरे एकाच विहिरीत घासणे ही आपल्याकडे साधी गोष्ट नव्हती. कोणाचे पाणी चालते आणि कोणाचे चालत नाही, या एका क्रियापदात आपली समाजरचना सामावलेली होती. ब्राह्मणासाठी पाणी भरणारा सेवक कोण असू शकतो? ज्याच्या हातचे पाणी धन्याला चालते तोच. ज्याची सावलीही पाणवठ्यावर पडू नये असा दंडक होता, तो माणूस या चित्रात सेवक म्हणूनही येऊ शकत नाही. थोरोला जी विहीर साऱ्या मानवजातीची वाटली ती चार वर्णांची होती. पाचवा तिच्या काठावरही नव्हता.

थोरोला हे ठाऊक असण्याचे साधन नव्हते, असा बचाव करता येणार नाही. 'द डायल' या नियतकालिकाच्या जानेवारी १८४३ च्या अंकात मनुस्मृतीचे वेचे प्रसिद्ध झाले, ते त्यानेच निवडले होते. विल्यम जोन्स यांचा १७९४ चा अनुवाद त्याच्यासमोर होता. चांडाळांनी गावाबाहेर राहावे, हा दंडक त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात आहे. वेचे काढणाऱ्याने उदात्त वाटले ते घेतले. बाकीचे ग्रंथात राहिले आणि आमच्या वाट्याला आले. पुढे १८४९ च्या आपल्या पहिल्या ग्रंथातही त्याने मनूची मुक्तकंठाने स्तुती केली.

याच 'डायल'च्या जानेवारी १८४४ च्या अंकात सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या पाचव्या परिवर्ताचा अंश छापला गेला. युजीन बर्नूफ यांच्या फ्रेंच अनुवादावरून तो इंग्रजीत आणला गेला. हे काम थोरोचे, अशी समजूत दीर्घ काळ होती. ते एलिझाबेथ पीबडी यांचे होते, हे आता अभ्यासकांनी मान्य केले आहे. या परिवर्तात एकच मेघ सर्व वनस्पतींवर सारखाच बरसतो, तृणावर आणि महावृक्षावरही. त्याच १८४४ साली बर्नूफ यांनी पॅरिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या बौद्ध धम्माच्या इतिहासग्रंथात शार्दूलकर्णावदानातील प्रकृतीची कथाही आली. विहिरीवर आनंद पाणी मागतात, ती आपली जात सांगते, आणि मी जात विचारली नाही, पाणी मागितले, असे ते उत्तर देतात. म्हणजे सर्वांच्या विहिरीचे चित्र काढण्यासाठी साहित्य उपलब्ध होते. थोरोने ते गीता आणि वेदपाठी ब्राह्मण यांच्या आधाराने काढले. त्याला बौद्ध परंपरेचा पूर्वसूरी म्हणण्यापूर्वी ही निवड ध्यानात घेतली पाहिजे.

पालि वाङ्मयाला विहिरीची दुसरी बाजू ठाऊक आहे. उदानाच्या सातव्या वग्गात उदपान सुत्त आहे. मल्ल देशात चारिका करीत भगवान बुद्ध भिक्खुसंघासह थूण नावाच्या ब्राह्मणग्रामी येतात. ते येत आहेत हे कळताच तेथील ब्राह्मण गृहस्थ विहीर गवताने आणि भुसाने काठापर्यंत बुजवून टाकतात, हेतू हा की मुंडन केलेल्या श्रमणांना पाणी मिळू नये. भगवंत वाटेवरून बाजूला होऊन एका झाडाखाली बसतात आणि आनंदांना पाणी आणण्यास सांगतात. विहीर बुजवली आहे, असे आनंद दोनदा निवेदन करतात. तिसऱ्यांदा सांगितल्यावर ते पात्र घेऊन जातात, तेव्हा विहिरीने गवत-भुसा बाहेर टाकलेला असतो आणि स्वच्छ पाणी काठोकाठ भरून वाहत असते.

जी कसोटी थोरोला लावली तीच येथेही लावणे प्रामाणिकपणाचे होईल. विहिरीने आपण होऊन भुसा बाहेर टाकला, हा चमत्कार आहे, आणि बुद्धिवादी वाचकाने तो चमत्कार म्हणून बाजूला ठेवावा. सुत्ताच्या अखेरचे उदानही तहानेचा अर्थ तृष्णेकडे वळविते. हे वळण समजण्यासारखे असले, तरी त्यामुळे कथेचा पूर्वार्ध पुसला जाऊ नये. पाणी बंद करणे ही मानवी कृती होती, ती कोणी केली आणि कशासाठी केली, हे संगायनकारांनी नावनिशीवार जपून ठेवले. आणि चमत्कार वगळल्यावरही एक गोष्ट उरते. विहीर बुजवलेली आहे हे ठाऊक असूनही आनंदांना पात्र घेऊन तिच्यापर्यंत चालत जावे लागले.

महाडच्या चवदार तळ्यावर हेच घडले, आणि तेथे चमत्काराला जागा नव्हती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर ऋतू बदलला होता. तळे गोठलेलेच होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसे चालत गेली व त्या तळ्याचे पाणी प्याली, तेव्हा ते पहिल्यांदा हलले. त्यानंतर मारहाण झाली, पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी त्याच महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. १८४३ साली काँकॉर्डच्या मंडळींनी ज्या ग्रंथाचे वेचे भक्तिभावाने छापले, त्याच ग्रंथाचे हे दहन होय. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. पाणी पिण्याच्या कृतीपासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली. वाकसाच्या दांड्याची उपमा येथे पूर्णार्थाने लागू पडते, आणि दांडा धरणारा हातही येथे दिसतो.

एक तपशील सांगून हा भाग संपवितो. वॉल्डनच्या काठावर रचलेला तो बर्फाचा ढीग व्यापाऱ्यांनी बहुतांशी नेलाच नाही. काही भाग गेला, उरलेला उन्हापावसात पडून राहिला आणि सप्टेंबर १८४८ पर्यंत वितळत होता. तळ्याने आपले पाणी बहुतेक परत मिळविले, अशी नोंद थोरोनेच केली आहे. गंगेला मिळणारे वॉल्डन ही कल्पना होती. वितळून आपल्याच तळ्यात परतलेले पाणी ही वस्तुस्थिती होती. दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात शेजारी आहेत. समीक्षकांनी कल्पना लक्षात ठेवली.

गावाबाहेरची माणसे

थोरोवर अन्याय होऊ नये म्हणून त्याच ग्रंथातील आणखी एका प्रकरणाकडे वळले पाहिजे. वॉल्डनच्या रानात आपल्याआधी कोण राहत होते, हे त्याने 'पूर्वीचे रहिवासी' या भागात सांगितले आहे. केटो इंग्रॅम हा गावातील एका प्रतिष्ठित गृहस्थाचा गुलाम. म्हातारपणी उपयोगी पडावेत म्हणून त्याने अक्रोडाची झाडे राखली, ती शेवटी एका तरुण गोऱ्या व्यापाऱ्याच्या हाती गेली. झिल्फा ही सूत कातणारी कृष्णवर्णीय स्त्री. ती बाहेर गेली असता १८१२ च्या युद्धातील सुटलेल्या इंग्रज कैदी सैनिकांनी तिचे झोपडे पेटविले. कुत्रा, मांजर, कोंबड्या त्यात जळाल्या. ब्रिस्टर फ्रीमन हाही एके काळचा गुलाम. त्याने लावलेली सफरचंदाची झाडे थोरोच्या काळी उभी होती. घरे नष्ट होऊन तळघरांचे खड्डे तेवढे उरले होते. इतिहासकार एलिस लेमायर यांनी 'ब्लॅक वॉल्डन' (२००९) या ग्रंथात दाखविले आहे की गुलामगिरीतून सुटलेल्यांना गावाच्या कडेच्या नापीक जमिनीवर राहावे लागले, आणि वॉल्डनचे रान हा त्यातलाच एक भाग होता.

ज्या एकांताला थोरोने तपोवनाचे रूप दिले तो एकांत वस्तुतः गावकुसाबाहेरचा होता. आपल्या वाचकाला याचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. खेडे हे निसर्गसंपन्न आणि निरागस जीवनाचे घर आहे, या समजुतीवर बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत जो प्रहार केला, त्याचा प्रत्यय काँकॉर्डच्या रानातही येतो. थोरोचे श्रेय असे की त्याने ही नावे पुसली नाहीत. गुलामगिरीला पोसणाऱ्या शासनाला कर नाकारून १८४६ साली तो एक रात्र तुरुंगात राहिला. पळालेल्या गुलामांना त्याने साह्य केले. अन्याय त्याला दिसत नव्हता असे नाही. आपल्या गावचा अन्याय त्याला दिसला. दूर देशाच्या बाबतीत मात्र त्याची नजर ग्रंथापाशी थांबली आणि तो ग्रंथ ज्यांच्या पाठीवर लिहिला गेला त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही.

मूल्यमापन

तेव्हा थोरोला बौद्ध परंपरेत जागा द्यावी काय? माझ्या मते पूर्वसूरी हे पद त्याला देऊ नये. अमरत्वाचा त्याचा निष्कर्ष अनात्मवादाशी विसंगत आहे, आणि सर्वांची विहीर काढताना त्याने ब्राह्मणाच्या दारची विहीर काढली. परंतु त्याला टाकूनही देऊ नये. तापमापक घेऊन बर्फावर उभा असलेला, तळाची अफवा दोरीने खोडून काढणारा, तारखा नोंदविणारा थोरो आपल्या कामाचा आहे.

काळाने यातील कोणता भाग टिकविला, हेही पाहण्यासारखे आहे. बोस्टन विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांचे सहकारी यांनी थोरोच्या नोंदी आजच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. वॉल्डनचे बर्फ आता त्याच्या काळापेक्षा साधारणपणे दोन आठवडे वा त्याहूनही आधी सुटते, असे त्यांना आढळले. प्रिमॅक यांचा 'वॉल्डन वॉर्मिंग' हा ग्रंथ २०१४ साली प्रसिद्ध झाला. पृथ्वी तापत आहे याच्या पुराव्यात एका झोपडीतल्या माणसाच्या तारखा आज मोजल्या जातात. त्याच्या वसंतस्तोत्राचा या कामी उपयोग झाला नाही. त्याच्या मोजमापाचा झाला. ज्या ऋतूवर थोरोने भिस्त टाकली तो ऋतूही माणसाच्या कृतीपासून स्वतंत्र राहिलेला नाही, हा त्यातून निघणारा निष्कर्ष धम्माच्या अभ्यासकाला अनपेक्षित वाटू नये.

सामञ्ञफल सुत्ताच्या अखेरीस डोंगरातल्या एका नितळ जलाशयाची उपमा आहे. डोळस माणूस काठावर उभा राहून तळाचे शिंपले, खडे आणि फिरणारे मासे स्पष्ट पाहतो. आसवांचा क्षय झालेल्याचे ज्ञान तसे असते. थोरो अशा काठावर उभा राहिला, त्याने शिंपले आणि मासे खरोखर पाहिले. डोळस माणसाला आणखी एक गोष्ट दिसली पाहिजे : त्या काठावर कोणाला उभे राहू दिलेले नाही. यापुढे 'वॉल्डन' शिकविताना वा त्यावर लिहिताना 'वसंत' हे प्रकरण एकटे घेऊ नये. त्याच्या एका बाजूला 'पूर्वीचे रहिवासी' आणि दुसऱ्या बाजूला उदपान सुत्त ठेवावे. अशा वाचनात तळे जितके सुंदर आहे तितके सुंदर राहते, आणि पाणी कोणाचे हा प्रश्नही जागा राहतो.